शेत नसलेल्या गावाचे शेतीशी नाते

सार्वजनिक आरोग्य म्हणजे दवाखाने, लसीकरण आणि शुद्ध पाणी, तर शेती कशी करावी हा कृषी खात्याचा प्रश्न, असा समज प्रशासनात घट्ट रुजला आहे. नवी मुंबईतील पावणे गावाच्या बाबतीत तो सिद्ध करण्याचीही गरज कोणाला भासत नाही, कारण औद्योगिक विकास महामंडळाच्या ठाणे-बेलापूर वसाहतीखाली या पट्ट्यातील भातखाचरे केव्हाच गेली. जेथे शेतच नाही तेथे कृषिपरिस्थितिकी, म्हणजे पीक, माती, पाणी, कीटक आणि माणूस यांना एकाच परिसंस्थेचे घटक मानून शेतीची आखणी करणारे शास्त्र, हवे कशाला, असा हा पूर्वपक्ष आहे.

शेत सुटले म्हणून जेवण सुटत नाही, एवढी साधी गोष्ट त्यात विसरली जाते. पावण्याशेजारी तुर्भ्याला मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा घाऊक बाजार आहे आणि राज्यभरच्या फवारणीचा हिशेब तेथील गाळ्यांतून ताटापर्यंत पोचतो. (शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो, आरोग्यशास्त्राने या शब्दाकडे जरा थांबून पाहावे.) 2003 साली युरोपात महाराष्ट्राच्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष, म्हणजे फवारणीनंतर मालात उरणारा विषांश, आढळले, त्यानंतर ‘ग्रेपनेट’ व्यवस्थेत निर्यातीच्या बागांची नोंदणी आणि मालाची प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली; देशी गिऱ्हाइकाच्या पेटीला मात्र ही सक्ती नाही.

विष जपून वापरले की पुरे, हा दुसरा युक्तिवाद 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात उघडा पडला, जेथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मुखपट्टी बांधली नाही हा दोष मजुराच्या माथी मारणे सोपे असते; पण बीटी कपाशीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आणि मैलोन्‌मैल एकच पीक यांमुळे फवारे वाढत गेले, हे कारण त्यात झाकले जाते. तुरीचे आंतरपीक, हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटणे आणि मित्रकीटकांची जपणूक हे उपाय फवाऱ्याची गरजच घटवतात, आणि साथरोगशास्त्र यालाच प्रतिबंध म्हणते.

श्रीलंकेचा दाखला कृषिपरिस्थितिकीचे विरोधक हमखास देतात. तेथे 2021 साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद झाली, उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला, हे खरेच आहे. परंतु पुरेसे सेंद्रिय खत आणि संक्रमणाचा अवधी न देता काढलेल्या फर्मानाचे ते अपयश होते. नैसर्गिक अन्नाने कर्करोग बरा होतो असे सांगणारे समर्थकही याच शास्त्राची हानी करतात.

तुर्भ्याच्या बाजारात आवक आणि भाव रोज जाहीर होतात. भाजीच्या नमुन्यांतील अवशेषांचे निकाल तालुकानिहाय त्यांच्यासोबत जाहीर झाले, तर पावण्याच्या आरोग्य केंद्राला आपल्या रुग्णांच्या ताटात कोठली शेती येते हे प्रथमच कळेल.