नवा फोन, टॅब की कॉम्प्युटर? पनवेलच्या गावातल्या घरांनी पैसे कुठे घालावेत

पनवेल : दहावीचा निकाल लागला की गावातल्या बऱ्याच घरांत एकच वाद सुरू होतो. पोरगा म्हणतो, नवा फाइव्ह-जी फोन घ्या, त्यात एआय आहे. दुकानदार सांगतो, मोठा टॅब न्या, अभ्यासाला बरा. पुण्यात शिकणारा मावसभाऊ म्हणतो, लॅपटॉपशिवाय काही खरं नाही. बापाच्या हातात असतात पंधरा-वीस हजार रुपये, तेही भाताचे नाहीतर कंपनीच्या बोनसचे. वस्तू तीन आणि पैसे एकीपुरते.

हा प्रश्न फक्त हौसेचा असता तर त्यावर लिहायची गरज नव्हती. पण या एका खरेदीवर मुलाची सीईटी, मुलीची नोकरीची परीक्षा आणि घरातली सरकारी कामं अवलंबून असतात. म्हणून जाहिराती बाजूला ठेवू आणि कोणती वस्तू कोणत्या कामाला येते ते पाहू.

फोन घरोघरी, कॉम्प्युटर दहातल्या एका घरी

प्रथम संस्थेचा 'असर २०२३' हा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. त्यासाठी देशातल्या २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या ३४ हजारांहून जास्त मुलामुलींना भेटून माहिती घेतली होती. त्यात १०० पैकी जवळपास ९० मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप फक्त ९ जणांच्या घरी होता.

पुढचा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, त्यातल्या ८५ टक्के मुलांना तो चालवता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे "फोन येतो म्हणजे कॉम्प्युटरही येईल" हा आपला समज चुकीचा आहे. हातात वस्तू असल्याशिवाय ती शिकता येत नाही. सायकलसारखंच आहे, बघून कोणाला चालवता येत नाही.

शेतात फोनच लागतो

आधी फोनची बाजू ऐकू, कारण तिच्यात दम आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून ॲपमध्ये पीक नोंदवायचं, फोटो काढायचा, फोन स्वतःच जागा टिपून घेतो. ही नोंद सातबाऱ्यावर जाते. ती नसेल तर भात खरेदी केंद्रावर आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. हे काम टेबलावरच्या कॉम्प्युटरने होणार नाही, टॅब घेऊन चिखलात कोणी जाणार नाही. त्याला फोनच पाहिजे.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत काढणं, गॅस बुकिंग, वीजबिल, बँकेचे व्यवहार, एसटीचं तिकीट, हेही सगळं फोनवर होतं. ज्यांना टायपिंग जमत नाही त्यांच्यासाठी तर फोनने मोठी सोय केली. गुगलने २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहायची सोय आणली. आज गावातली आजीसुद्धा माइकचं बटण दाबून "पीएम किसानचा हप्ता कधी येणार" असं विचारते. तिला उत्तर मिळतं. हे कॉम्प्युटरने तिच्यासाठी कधी केलं नसतं.

तर घरात एक चालणारा स्मार्टफोन पाहिजेच, यावर वाद नाही. वाद आहे तो चालणारा फोन असताना नवा घ्यायचा का, याचा.

'एआय फोन' घेतलाच पाहिजे का?

गेल्या दोन वर्षांत फोनच्या जाहिराती बदलल्या. आधी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगायचे, आता एआय सांगतात. चित्रावर गोल काढून त्याची माहिती शोधा, फोटोतला नको असलेला माणूस पुसा, समोरच्याचं बोलणं लगेच भाषांतर करून ऐका. फीचर चांगली आहेत, वापरणारे खूषही आहेत.

पण यातल्या बऱ्याच गोष्टी फोनच्या आत होत नाहीत. त्या इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर होतात आणि आपल्याला फक्त उत्तर दिसतं. म्हणून साधं ॲप टाकून जुन्या फोनवरही त्यातलं पुष्कळ काही वापरता येतं. गुगलचं जेमिनी ॲप जून २०२४ पासून मराठीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओने आपल्या ग्राहकांना त्याची पैसे भरून मिळणारी सेवा १८ महिने मोफत द्यायची योजना आणली. चॅटजीपीटीनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात एक वर्षाची मोफत योजना काढली. एवढ्यासाठी पंचवीस हजारांचा नवा फोन घ्यायची गरज नाही. मोफतची मुदत संपल्यावर आपोआप पैसे कापले जाणार का, एवढं मात्र आधी बघून ठेवा.

फोन बदलायची खरी कारणं वेगळी आहेत. बॅटरी अर्धा दिवसही टिकत नाही, जागा भरून व्हॉट्सॲपच अडकतं, किंवा कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलंय. या शेवटच्या गोष्टीकडे आपण बघतच नाही. काही कंपन्या सहा-सात वर्षं अपडेट देतात, काही दोन-तीन वर्षांत थांबतात. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे त्याला अपडेट मिळणं कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचं. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा. आणि नुसती बॅटरी गेली असेल तर बॅटरी बदला, फोन नको.

टॅब : अभ्यासाला बरा, पण अर्धाच

टॅबचा इतिहास आपल्या देशात मजेशीर आहे. ५ ऑक्टोबर २०११ ला केंद्र सरकारने 'आकाश' नावाचा टॅब आणला. सरकारला तो २ हजार २७६ रुपयांना पडत होता, जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून गाजावाजा झाला. वापरणाऱ्यांच्या तक्रारी लगेच आल्या. यंत्र संथ, स्क्रीन जोरात दाबावी लागे, बॅटरी लवकर उतरे. योजना पुढे विरून गेली. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब वाटले. दप्तराचं ओझं कमी व्हावं, हा हेतू होता.

आज आपल्याकडे टॅबची चर्चा होते ती 'महाज्योती'मुळे. ओबीसी, भटक्या विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी ही संस्था मोफत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा देते, ऑनलाइन शिकवणीही घेते. पनवेल तालुक्यातल्या आगरी, कुणबी घरांतली सायन्सला गेलेली मुलं अटी पूर्ण केल्या तर यात बसू शकतात. जाहिरात निघते तेव्हा अर्जाला दिवस थोडेच असतात आणि नॉन-क्रीमिलेअर दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवा. सरकारी टॅब मिळणार असेल तर स्वतःच्या पैशाने दुसरा घेण्यात अर्थ नाही.

व्हिडिओ बघायला, पीडीएफ वाचायला, चित्र काढून समजून घ्यायला टॅब फोनपेक्षा नक्कीच चांगला. डोळ्यांना ताण कमी, आकृती मोठी दिसते. पण टॅबवर मूल बहुतेक वेळ बघतं आणि वाचतं. लिहिणं, फॉर्म भरणं, तक्ता बनवणं, टायपिंग करणं ही कामं बोटाने करायला जड जातात. परीक्षेचा प्रश्न इथेच येतो.

परीक्षा मात्र कॉम्प्युटरवर

जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा कॉम्प्युटरवर होतात. रेल्वे आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षाही तशाच. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. ती परीक्षाही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कॉम्प्युटरवरच झाली. दोन तास, १०० प्रश्न.

आता सीईटीचा हिशोब करू. पीसीएम गटात पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. ज्या मुलाने माउस कधी धरलाच नाही, त्याचे एका प्रश्नाला नुसते पाच सेकंद जास्त गेले तरी १०० प्रश्नांत ५०० सेकंद जातात. आठ मिनिटांहून जास्त. तेवढ्यात नऊ प्रश्न सुटतात. हा मुलगा अभ्यासात मागे नाही, फक्त यंत्राची सवय नाही. पण निकालात ते कुठेच लिहिलेलं नसतं.

नोकरीतही तेच. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. तलाठ्यापासून ग्रामसेवकापर्यंत कॉम्प्युटर ज्ञानाचा दाखला मागतात. फोनवर दोन अंगठ्यांनी कितीही वेगात मेसेज लिहिता आला तरी ते टायपिंग इथे चालत नाही.

आपल्या तालुक्यात तर हा प्रश्न दाराशी आलाय. नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. शेजारी उरणला जेएनपीए बंदर, पळस्प्याच्या बाजूला गोदामं, तळोजात कारखाने. जमिनी आपल्या गेल्या, नोकऱ्याही आपल्या पोरांना मिळाल्या पाहिजेत, ही मागणी रास्तच आहे. पण हेल्पर आणि ट्रॉली ओढायच्या कामात आणि काउंटर, कार्गोची नोंद, बिलिंग या कामात फरक आहे. पगारातही आहे. दुसऱ्या प्रकारच्या कामाला बसायचं तर कीबोर्ड यायला पाहिजे.

मग पंधरा-वीस हजारांत करायचं काय?

प्रत्येक घराची गरज वेगळी, तरी साधारण असा क्रम लावता येईल.

१. चालू फोन टिकवा. बॅटरी बदला, नको ते व्हिडिओ काढून जागा मोकळी करा.

२. सगळ्यात स्वस्त सुरुवात म्हणजे ओटीजी पिन. ती लावून बहुतेक अँड्रॉइड फोन आणि टॅबला माउस-कीबोर्ड जोडता येतो. काही शे रुपयांचं काम आहे. माउस हलवला की स्क्रीनवर बाण दिसतो. टायपिंगची सवय इथूनच सुरू करा.

३. दहावीच्या पुढे मूल असेल तर नव्या फोनऐवजी जुना, तपासून घेतलेला कॉम्प्युटर बघा. घरात एलईडी टीव्ही असेल आणि दोघांना एचडीएमआयची जागा असेल तर सीपीयू टीव्हीला जोडता येतो, वेगळा मॉनिटर घ्यावा लागत नाही.

४. जुना कॉम्प्युटर घेताना फसू नका. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालेत. म्हणून "यावर विंडोज ११ अधिकृत चालतं का" हे विचारा. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी डिस्क असेल तर अभ्यासाला पुरे. त्याहून जुना कोणी स्वस्तात देत असेल तर लिनक्स टाकून चालवता येतो, पण ते बसवून देणारा माणूस ओळखीचा पाहिजे.

५. परीक्षेचे सराव पेपर मिळतात. एनटीए आणि सीईटी सेलच्या साइटवर खऱ्या परीक्षेसारखीच स्क्रीन दिसते. 'सेव्ह अँड नेक्स्ट', पुन्हा बघायचा प्रश्न राखून ठेवायचं बटण, प्रश्नांच्या रंगीत चौकटी, सगळं हाताखालून गेलं पाहिजे. परीक्षेआधी दहा तरी पेपर माउसने सोडवा.

६. फॉर्म फोनवर भरावाच लागला तर क्रोमच्या तीन टिंबांत जाऊन 'डेस्कटॉप साइट' करा. अर्धवट दिसणारी पानं बऱ्याचदा नीट दिसतात.

ज्यांना हेही परवडत नाही त्यांचं काय?

माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांत पंधरा हजार ही रक्कम काही महिन्यांची कमाई असते. त्या घरांना "जुना कॉम्प्युटर घ्या" सांगणं सोपं, करणं अवघड. त्यांच्यासाठी उत्तर गावातच शोधायला हवं. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर असतो, शाळेतही असतो, अनेकदा कुलपात आणि कव्हराखाली. शाळा सुटल्यावर रोज दोन तास तो मुलांसाठी उघडा ठेवायचा, गावातल्याच कॉलेजच्या पोराने बसायचं, हा ठराव ग्रामसभेत घ्यायला फार खर्च लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत हा एक विषय तरी मांडा.

आणि मुलींचं वेगळं बोलायला हवं. त्याच 'असर' अहवालात स्मार्टफोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी जवळपास ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये फक्त २० टक्क्यांकडे. घरचा फोन भावाच्या खिशात असतो आणि बहिणीला तो रात्री अर्धा तास मिळतो. कॉम्प्युटर खिशात जात नाही. तो घरात एका जागी राहतो, म्हणून बहिणीच्याही वाट्याला येतो. ग्रामपंचायतीने उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. अनेक जिल्हा परिषदा मुलींना एमएस-सीआयटीसाठी मदत देतात. आपल्या गावात तो निधी कशावर गेला, हे ग्रामसेवकांना विचारायला हरकत नाही.

यंदा घरात फोनचा वाद निघाला तर दुकानात जाण्याआधी मुलाला एवढंच विचारा : तुझी परीक्षा कशावर आहे? उत्तर कॉम्प्युटर असेल, तर पैसे तिकडे घाला. नव्या फोनला दिवाळीपर्यंत थांबता येतं, सीईटीची तारीख थांबत नाही.