गोळी बंद, हप्ता चालू

काम सुटले की वस्तीतल्या घरात आधी बीपीची गोळी बंद होते; मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र चालूच. वसुलीवाल्याच्या धास्तीने आयाबहिणींची झोप उडते. माझ्या मते, इथे आजार वाढवते ती लाज. हप्ता थकणे हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे या कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास यांनाही बंदी आहे. कंपनीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जातींना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, फोन १५१००. जीव नकोसा वाटला तर १४४१६ लावा. हप्त्यासाठी गोळी चुकवू नका.