सायलो रिकामा का राहिला?

कारखान्यात कालवलेले काँक्रीट गाडीतून बांधकामावर पोहोचवायचे, या पद्धतीचे पेटंट युर्गेन हिनरिच मॅगेन्स या जर्मन माणसाने १९०३ मध्ये घेतले. आपल्याकडे तयार काँक्रीट विकणारा पहिला कारखाना पुण्यात निघाला तो १९९१च्या सुमारास, आणि मुंबईत या धंद्याने मूळ धरले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. मधली जवळजवळ नव्वद वर्षे गेली कुठे?

तंत्र ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोय नाही. भाक्रा धरणावर पन्नासच्या दशकातच यंत्रांनी मोजून-मापून काँक्रीट तयार होत होते. तयार काँक्रीटसाठी आयएस ४९२६ हे भारतीय मानकही १९६८ मध्ये निघाले. नियम आधी आला, माल वीसहून अधिक वर्षांनी; सरकारी कामात सहसा याच्या उलट घडते.

गाडे अडले होते सिमेंटपाशी. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे, आणि घर बांधणाऱ्याचे निम्मे लक्ष बांधकामावर तर निम्मे सरकारी कचेरीतल्या टेबलावर असे. या टंचाईची राजकीय किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात केंद्राने नियंत्रण अंशतः सैल केले. ते पुरते उठले मार्च १९८९ मध्ये. काँक्रीटच्या कारखान्याला सुटे सिमेंट टनावारी लागते. जिथे पोती मोजून मिळत होती, तिथे सायलो, म्हणजे सुटे सिमेंट साठवायची टाकी, भरणार कशाने? नियंत्रण उठल्यावर दोनच वर्षांनी पुण्यातला कारखाना उभा राहिला, हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

पुढे मुंबईत उड्डाणपुलांची कामे निघाली आणि भर रस्त्यात खडीचे ढीग टाकायला जागाच उरली नाही. स्लॅब भरण्याच्या दिवशी पहाटेपासून लागणारी घमेल्यांची रांग शहरांतल्या मोठ्या कामांवरून हळूहळू दिसेनाशी झाली. पंप आला आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्यांचा हक्काचा रोजगार गेला. त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. मात्र जुन्या पद्धतीबद्दल हळवे होण्याचेही कारण नाही. तिथे वाळू घमेल्याने मोजली जाई, ती ओली आहे की कोरडी हे कोणी पाहत नसे आणि पाणी किती घालायचे ते मुकादमाची नजर ठरवी.

कारखान्यात संगणकावर वजन होते, चलनावर ग्रेड छापून येते. पण त्या चलनावर बांधकामाच्या फाटकाशी टाकलेले पाणी येत नाही. माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हावी असे मानक सांगते. वाहतुकीत अडकलेली गाडी पोहोचेपर्यंत माल घट्ट होऊ लागतो, पंप कुरकुरतो आणि कोणीतरी पाण्याची नळी ड्रममध्ये सोडतो. काँक्रीट छान वाहू लागते आणि त्याची ताकद तिथेच घटते. घट्टपणा सांभाळायला रसायने आहेत, पण ती घालणे माहीतगाराचे काम. नळी कोणालाही सोडता येते. ओतल्यानंतरच्या क्युरिंगचेही तेच. स्लॅबवर पाणी धरून ठेवायचे आठवड्याभराचे काम कोणताही कारखाना करून देत नाही.

मालात खोट निघाली की आज कारखानदार ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार कारखानदाराकडे. पूर्वी निदान एकच मुकादम होता. यावर उपाय महागडा नाही. चाचणीचे क्यूब कारखान्यात भरले जातात तसे बांधकामावरही, गाडीतून माल उतरताना भरावेत आणि २८ दिवसांच्या चाचणीचा निकाल घर घेणाऱ्याला मागितल्यावर दाखवावा. पुनर्विकासाच्या करारात सोसायट्या पार्किंगच्या जागेसाठी महिनोन्महिने भांडतात. त्याच करारात हे एक कलम घालता येईल.