पदवीची योग्य मात्रा

नागझिऱ्याच्या जंगलात बिजा नावाचा वृक्ष आहे. आयुर्वेदात त्यालाच विजयसार म्हणतात. त्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेही माणसाने सकाळी प्यायचे, ही रीत जुनी. पण त्या पाण्याने साखर खरोखर उतरते का, किती प्यायचे, अपाय कोणता, असे प्रश्न विचारले की आपण आजीबाईच्या बटव्यातून फार्माकॉलॉजीत शिरतो. याच प्रश्नांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने विजयसाराची रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे सांगायचे कारण असे, की गोंदिया-तिरोड्याकडच्या घरांतही ‘नीट’ हुकली की ‘मग फार्मसी घ्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. फार्मसी म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

बारावीनंतर वाटा तीन. डी. फार्म. ही दोन वर्षांची पदविका. त्यानंतर पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. बी. फार्म. चार वर्षांची पदवी. २००८ पासून सुरू झालेली फार्म. डी. सहा वर्षांची, तिचा रोख रुग्णालयातील रुग्णाकडे. फार्माकॉलॉजी बी. फार्म.मध्ये एक विषय म्हणून भेटते. तिच्यात खोल जायचे तर पुढे एम. फार्म. करावे, किंवा एम. बी. बी. एस. होऊन एम. डी.

आता हिशेब पाहू. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी पदविकेवरही होते. गावात औषधाचे दुकान टाकणे एवढाच मनसुबा असेल, तर चार वर्षांचा खर्च कशाला? पुढे मन बदललेच, तर पदविकाधारकाला बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. उलट कारखान्यातील गुणवत्ता तपासणी किंवा संशोधन खुणावत असेल, तर पदवीच हवी, आणि रसायनशास्त्राची गोडीही.

नव्या महाविद्यालयांवरील बंदी सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्यामुळे ‘प्रवेश मिळेल का’ यापेक्षा ‘कुठे घ्यावा’ हा प्रश्न मोठा झाला आहे. फार्मसी कौन्सिलची मान्यता आधी पाहावी. मग प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगावी. मागल्या तुकडीतली मुले आज काय करतात, हे त्या मुलांनाच विचारावे, माहितीपुस्तिकेला नव्हे.

बँकेत आयुष्य गेल्याने एक गोष्ट आवर्जून सांगतो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याजाची मोजणी मात्र पैसे उचलल्यापासूनच सुरू असते. ते ओझे पहिल्या पगाराला पेलेल का, याचा हिशेब बापाने मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवून, कागदावर मांडावा. औषधाची मात्रा माणूस पाहून ठरते. शिक्षणाचीही तशीच ठरवावी. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्या घरी चालत नाही.