पक्षांतरें आणि शेतकऱ्यांची खतावणी

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील शेतकरी भाताचें बी घेतांना पिशवीवरील चित्र पाहत नाहीं. मागील हंगामांत तें कसें उगवलें हें विचारतो. मत देतांना मात्र हा विवेक तो घरीं ठेवून जातो, असें खेदानें म्हणावें लागतें.

शहापूरचा अलीकडचा इतिहास पाहावा. श्री. दौलत दरोडा हे १९९५, १९९९ व २००९ सालीं शिवसेनेतर्फे निवडून आले. २०१४ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसचे श्री. पांडुरंग बरोरा निवडून आले. २०१९ सालीं बरोरा शिवसेनेंत गेले, दरोडा राष्ट्रवादींत आले. तेच दोघे निशाण्यांची अदलाबदल करून समोरासमोर उभे राहिले व दरोडा विजयी झाले. २०२३ सालीं राष्ट्रवादी दुभंगली. २०२४ सालीं दरोडा अजित पवारांच्या पक्षातर्फे, तर बरोरा शरद पवारांच्या पक्षातर्फे लढले. दरोडाच पुन्हां निवडून आले. मुरबाडचे श्री. किसन कथोरे २००९ सालीं राष्ट्रवादीचे आमदार झाले, २०१४ पासून तीन वेळां भारतीय जनता पक्षाचे.

व्यक्तिशः कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. मत बदलणें हें पाप नव्हे. केशवराव जेधे व शंकरराव मोरे यांनींही १९४८ सालीं काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष उभारला आणि पुढें दोघेही काँग्रेसमध्यें परतले. परंतु त्यांनीं काँग्रेस सोडली ती शेतकऱ्यांच्या प्रश्नावर, आणि कारणें उघड सांगून. आज बहुधा एकच कारण ऐकूं येतें: तालुक्याचा विकास.

सत्तेबरोबर राहिल्यावांचून कामें होत नाहींत, हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. रस्त्याला, साकवाला निधि लागतो व तो मंत्रालयांतून येतो. मग हिशेबही त्याच मापानें घ्यावा. तानसा व भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांत. मुंबईच्या सात तलावांतील साठ्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. त्याच तालुक्यांतील पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. निशाण्या बदलल्या, टँकर मात्र राहिला.

१९८५ चा पक्षांतरबंदी कायदा येथें पुरा पडत नाहीं. राजीनामा देऊन नव्या निशाणीवर उभें राहण्यास त्याची आडकाठी नाहीं. खरें नुकसान असें कीं, पक्ष बदलतांच जुन्या वचनाला धनी उरत नाहीं. नवा पक्ष म्हणतो, तें वचन आमचें नव्हे. जुना म्हणतो, तो माणूस आमचा नव्हे.

यास उपाय आपल्याच हातीं आहे. खातें पक्षाच्या नांवें न मांडतां माणसाच्या नांवें मांडावें. पाड्यांचें पिण्याचें पाणी, काळू धरणाखालीं जाणारी जमीन आणि आदिवासी विकास महामंडळाची भातखरेदी या तीन प्रश्नांवर प्रत्येक उमेदवाराचें म्हणणें गांवच्या बैठकींत लेखी घ्यावें, त्याची सही घ्यावी, आणि तो पुढील खेपेस कोणत्याही निशाणीवर आला तरी तें त्याच्यासमोर मोठ्यानें वाचावें. बदलाचें कारण त्यानें सांगितलें तर ऐकावें; सांगतां न आल्यास मत देतांना तें स्मरावें.

सावकाराच्या वहीनें आपल्या आजापणजांना बांधून ठेवलें. आतां वही आपण लिहूं या.