विश्लेषण : जमिनीखाली राहणारा आंधळा मासा भूजलाबद्दल काय सांगतो?

अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत १९७५ पासून पाणलोटाची कामे झाली. पाणी मुरले, विहिरींची पातळी वाढली. भूजलाचा हिशेब अनेकदा किती मुरले आणि किती उपसले, असा मांडला जातो. मात्र देशात काही ठिकाणी याच अंधाऱ्या पाण्यात मासेही राहतात.

कोणते मासे?

केरळमध्ये जांभ्या खडकातील पोकळ्यांत ‘होराग्लॅनिस’ हा तीन-चार सेंटिमीटरचा मासा राहतो. त्याला डोळे नाहीत. अंगात रंगद्रव्य नसल्याने रक्त दिसते आणि तो लालसर भासतो. त्याची पहिली प्रजाती १९५० मध्ये कोट्टायमच्या विहिरीतून नोंदवली गेली.

डोळे का जातात?

अंधारात डोळ्यांचा उपयोग नसतो आणि ते पोसायला ऊर्जा लागते. भूगर्भात अन्न कमी. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या डोळे क्षीण होतात. ‘इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी’ हा मासा १८७२ मध्ये पुण्यातून नोंदवला गेला. त्याला डोळे आहेत. बस्तरमधील कोटुमसर गुहेत याच नावाने ओळखल्या गेलेल्या माशांमध्ये काहींचे डोळे लहान आहेत, तर काहींना ते नाहीतच.

शोध कसा लागतो?

विहिरीच्या मालकांमुळे. विहीर उपसताना किंवा नळातून मासा आला की ते संशोधकांना कळवतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या प्रजातीला या लोकांच्या सन्मानार्थ ‘पॉप्युली’ नाव मिळाले.

महाराष्ट्रात काय?

आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमावर, मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही नवी प्रजाती नोंदवली गेली. हा मासा आंधळा नाही, पण झऱ्यावर अवलंबून आहे. २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली.

राळेगणसिद्धीखाली मात्र बेसाल्ट खडक आहे. तिथे पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. राज्याचा २००९ चा भूजल कायदा शेती आणि उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरी खोदण्यास मनाई करतो.

पुढे काय?

विहीर आटली तर गावाला टँकर मागवता येतो. जमिनीखालच्या माशाला दुसरीकडे जाता येत नाही. अतिउपसा, खाणकाम, झिरपणारी रसायने यांचा पहिला फटका त्याला बसतो. पण पाणी तेच आहे, जे माणसे पितात. म्हणून पातळीइतकीच भूजलाची शुद्धताही मोजायला हवी.