संगणकातले दप्तर नीट लावा



डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या काढता येतो. पण काढलेला उतारा ‘डाउनलोड’मध्ये पडून राहतो आणि शहापूर-मुरबाडकडे कापलेला भात पावसात भिजला, पंचनामा आला, की ऐनवेळी सापडत नाही.

तलाठ्याच्या दप्तराला गाव नमुना १ ते २१ अशी शिस्त असते. तीच घरी लावा. प्रत्येक गटनंबराचा एक फोल्डर करावा. आठ-अ खात्याचा असतो, त्याचा फोल्डर वेगळा. फाइलच्या नावात आधी साल, मग दोन आकडी महिना घालावा: ‘२०२५-०९ सातबारा’. नुसता ‘९’ घातला तर क्रम बिघडू शकतो. एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून पत्र्याच्या पेटीत ठेवावी. आणि कोणता फोल्डर कशाचा, हे घरातल्या बाईमाणसालाही ठाऊक असावे.